शिरक्याची साय

८ जानेवारी, बुधवार

वन्सं,

'पत्रास कारण की' असं लिहिलं होतं, ते खोडलं. नऊ वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आता एकदम कारण सांगत उभी राहिले, तर तुम्ही हा कागद सालींवर झाकायला घ्याल. पण कारण आहे.

गेल्या रविवारी आईचं घर रिकामं केलं. तिचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत, म्हणून ती आमच्याकडे राहायला आली आहे. माझी आई काहीही टाकत नाही, हे तुम्ही पहिल्याच भेटीत ओळखलं होतंत. छत्रीच्या काड्या, औषधाच्या बाटल्यांची बुचं, सुतळीचे तुकडे, झाकण नसलेले डबे आणि डबे नसलेली झाकणं. मी कपाळाला हात लावून सगळं पोत्यात भरत होते. कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर, घडी करून ठेवलेल्या पडद्यांच्या मागे, एक बाटली निघाली. बुचावर तडकलेलं मेण, गळ्याला दोरा, दोऱ्याला कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी. चिठ्ठीवर तुमचं अक्षर. 'सफरचंदाच्या साली. हलवू नये.'

लग्न ठरलं तेव्हा तुम्ही आईला दिली होतीत ती. आईला वाटलं सरबत नासलंय; शिरका म्हणजे आपलं व्हिनेगर, हे तिला कुठलं माहीत. पण दिलेली वस्तू टाकायची कशी, म्हणून तिनं ती मागे सरकवली आणि विसरून गेली. मी बाटली उजेडात धरली. अर्ध्याहून थोडा जास्त शिरका आहे, कोऱ्या चहाच्या रंगाचा. आणि तळाशी बोटभर जाड साय, जिच्यावर नवा शिरका धरतो तीच.

आधी मी ती पडद्यांच्या मागे परत ठेवली, वन्सं, आणि मग पुन्हा काढली. मी खोटं कशाला सांगू?

त्या दिवशीचं तुम्हाला सांगायला नको, पण माझ्याकडून एकदा लिहून व्हायला हवं. लग्नाला तीन महिने झाले होते. तुम्ही कामावर गेला होतात. स्वयंपाकघरातल्या मोठ्या बरणीत मला गढूळ पाणी दिसलं, आणि वर बुळबुळीत कातडं. मी ते मोरीत ओतलं, बरणी साबणानं घासली, उकळत्या पाण्यानं दोनदा विसळली आणि उन्हात पालथी घातली. तुम्ही आलात तेव्हा मी शाबासकीची वाट बघत दारात उभी होते. तुम्ही बरणीकडे पाहिलंत आणि पिशवी घेऊन आत गेलात. महिन्याभरात 'जागा पुरत नाही' म्हणून कालव्याकाठच्या दोन खोल्यांत निघून गेलात. ती साय तुमच्या आईनं लावलेली होती, तुमचा भाऊ पाच वर्षांचा असताना त्या गेल्या, आणि त्यांच्या हातचं जिवंत असं त्या घरात तेवढंच उरलं होतं, हे मला नंतर कळलं. या बाटलीतला शिरका त्याच बरणीतला आहे.

आता तुमचा भाऊ म्हणतो, हात थरथरतात म्हणून मार्चअखेर तुम्ही सगळ्या बरण्या वाटून टाकणार आहात. त्याआधी मला ही साय जगवून तुमच्या हातात द्यायची आहे. ती जिवंत आहे की नाही, मला माहीत नाही. बाटली तशीच पाठवली असती, पण मेलेली निघाली तर तुम्हाला तेच दुःख दुसऱ्यांदा दिल्यासारखं होईल. म्हणून आधी मी बघते.

कशी जगवायची, एवढ्या दोन ओळी लिहून पाठवाल का? तुमचा भाऊ दर गुरुवारी बस घेऊन तिकडे येतोच आणि वीस मिनिटं थांबतोच. त्याच्याबरोबर छोट्या बरणीत संत्र्याच्या सालींचं मीठ पाठवते आहे. तुमच्यासारखं करायचा प्रयत्न केला आहे. हसलात तरी चालेल.

तुमची भावजय

२२ जानेवारी, बुधवार

वन्सं,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. तुमच्या भावाला विचारलं, ताईनं पत्र वाचलं का? म्हणाला, "पिशवीत ठेवलं." काही म्हणाली का? "बटाटे महागलेत म्हणाली." त्याच्या तोंडून याहून जास्त काढायचं तर दाताचा डॉक्टर बोलवावा लागेल. "तुम्हा दोघींच्या मध्ये मी पडत नाही," म्हणतो, "मला दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची असते."

पण बरणी परत आली, आणि काय लख्ख! काचेवर एक डाग नाही, झाकणाच्या आट्यांतसुद्धा मिठाचा कण नाही. आई म्हणाली, "याला म्हणतात वळण. लोक खरकटी भांडी परत करतात." मला फार बरं वाटलं. निदान बरणीच्या बाबतीत आपलं दोघींचं जमतं, असं मनात आलं.

मीठ कडू झालं होतं, हे मला आता कळलंय. आतलं पांढरं मी खरवडलंच नव्हतं. तुम्ही संत्र्याची साल पाटावर पालथी घालून बोथट सुरीनं सगळं पांढरं काढत होतात, इतकं की सालीतून उजेड दिसायचा. मग सावलीत पाच दिवस. मी विचारलं होतं, उन्हात लवकर वाळेल ना? तुम्ही म्हणाला होतात, "लवकर वाळेल आणि लवकर विसरेल." तेव्हा मला वाटलं होतं, ही बाई कोड्यात बोलते. परवा मी दोन्ही प्रकारे वाळवून पाहिली. उन्हातली साल गवतासारखी लागते, वास उडालेला. सावलीतली कटकन मोडली आणि सगळ्या खोलीला कळलं. तुम्हाला हे कुणी शिकवलं असेल? की स्वतःच चुकत चुकत शिकलात? माझ्यासारख्या पंधरा वर्षं हॉस्पिटलात हत्यारं निर्जंतुक करायच्या वाफेच्या यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या बाईला चुकायची सवय नाही. आमच्याकडे चूक झाली तर पेशंट मरतो.

आता दुसरं सांगते, आणि हे सांगताना मान खाली आहे. शिरक्याला आधी सफरचंदाच्या सालींचं आंबलेलं पाणी लागतं, एवढं मला तुमच्याकडे पाहून आठवत होतं. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातून साली आणल्या. बरणी वाफेवर चाळीस मिनिटं निर्जंतुक केली. पाणी उकळून गार केलं. आणि साली, वन्सं, साली मी आमच्या औषधाच्या पाण्यात बुडवून धुतल्या. त्याच, ऑपरेशनच्या हत्यारांच्या. मग साखर घालून फडकं बांधलं. अकरा दिवस झाले. एक बुडबुडा नाही. अकरा दिवसांत त्या पाण्यात इतकी शांतता आहे की आमच्या साहेबांनी तिला प्रमाणपत्र दिलं असतं.

तुम्ही मला 'फिनेल' म्हणायचात. लग्नाच्या आठवड्यातच नाव ठेवलंत. मला राग यायचा. आता वाटतं, फार सांभाळून ठेवलंत, याहून वाईट ठेवता आलं असतं.

साय अजून बाटलीतच आहे. तिला हात लावला नाही.

तुमची भावजय

५ फेब्रुवारी, बुधवार

वन्सं,

बुडबुडे आले!

तुम्ही सांगितलं नाहीत, पण तुमच्यामागे तीन महिने मी त्या स्वयंपाकघरात वावरले होते, आणि डोळे काही कुणी धुऊन नेले नव्हते. बसून आठवलं. तुम्ही बाजारातून चकचकीत सफरचंदं कधी आणली नाहीत. टोपलीच्या तळाची, डाग पडलेली, लहान, भाजीवाली नुसती देऊन टाकायची तसली आणायचात. नळाखाली एकदाच धरायचात आणि फडक्यावर ठेवायचात, पुसायचातही नाही. मी पुसायला गेले तर हात धरलात. "वर बसलंय ते कामाला बसलंय. त्याला उठवू नकोस."

तेव्हा मी तुमच्या भावाला म्हटलं होतं, तुझी ताई घाणीला नोकर म्हणते. तो हसला नव्हता.

तर तशीच सफरचंदं आणली, तशाच साली काढल्या. चौथ्या दिवशी कडेनं बारीक फेस धरला. मी सकाळ-संध्याकाळ लाकडी चमच्यानं ढवळत होते आणि आई स्टुलावर बसून राखण करत होती. आठव्या दिवशी गुत्त्यासारखा वास आला. आई म्हणाली, "जावयाला कळायच्या आत गाळून घे." आज दुपारी गाळलं, आणि बाटलीतल्या सायीचा अर्धा तुकडा तोडून त्यात सोडला. अर्धा मागे ठेवला आहे, एवढी अक्कल आली आहे मला.

साय बुडाली. सरळ तळाला गेली आणि पडून राहिली. तुमच्या मोठ्या बरणीत ती वर तरंगायची, मला पक्कं आठवतंय. बुडणं म्हणजे काय? मेली? मी दर तासाला फडकं उचलून बघते आहे. आई म्हणते, सारखं बघितलं की काहीच वाढत नाही, तूसुद्धा माझी पाठ वळल्यावरच वाढलीस.

थांबायचं असलं की मला काहीतरी खटपट लागते, म्हणून आंबुशी काढायला गेले. हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीच्या बुडाशी ती भरपूर आहे. रोज त्याच वाटेनं जाते मी, पंधरा वर्षांत दिसली नव्हती. खाली बसून खुडत होते तर पहारेकरी आला. "बाई, काही हरवलं का?" मी म्हटलं, "हो, अक्कल. सापडली तर सांग." मग त्यानंही बसून मूठभर खुडून दिली. तीन पानं, पानाला बदामासारखी खाच, चावली की आंबट, हे मी त्याला शिकवलं. मला शिकवलेलं मी दुसऱ्याला शिकवत होते आणि तुमचाच आवाज काढत होते, हे मला निम्म्यात कळलं.

पानं मिठाबरोबर खलबत्त्यात वाटली, ताटात पसरली. हिरवं मीठ. तुमच्यासारखं पोपटी राहिलं नाही, जरा काळवंडलं. तुम्ही चिमूट जिभेच्या टोकावर ठेवून डोळे मिटून सांगायचात, "अजून एक ऊन." ते 'अजून एक ऊन' कसं कळतं? माझ्या यंत्राला काटा आहे, घंटा आहे. तुमच्या जिभेला काहीच नाही आणि तुमचं कधी चुकलं नाही. अकरा बरण्या होत्या तुमच्या फळीवर, मी मोजल्या होत्या. कलिंगडाच्या भाजलेल्या बियांची पूड. लसणात परतलेला शिळ्या पावाचा चुरा. रस्त्याकडेच्या बडीशेपेची फुलं. लोक जे पायाखाली घालतात किंवा फेकतात ते तुम्ही त्या अकरा बरण्यांत जमवलं होतंत, आणि उकडलेल्या बटाट्यावर रोज वेगळं भुरभुरायचात.

तुमच्या भावानं एकदा मला सांगितलं, "आम्ही गरीब होतो हे मला शाळेत गेल्यावर कळलं. दुसऱ्या पोरांनी सांगितलं म्हणून." दिवसभर दुसऱ्यांच्या सदऱ्यांना काजं करून तुम्ही त्याला इतकं झाकून वाढवलंत. मी त्याच्याशी लग्न केलं ते त्याच्या तब्येतशीर जेवण्यावर भाळून. म्हणजे तुमच्यावरच म्हणा ना.

हिरव्या मिठाची बरणी बरोबर आहे.

तुमची भावजय

१९ फेब्रुवारी, बुधवार

वन्सं,

आज जे लिहायचं आहे ते लिहायला तीन वेळा बसले आणि तीन वेळा ओटा पुसून आले.

हिरव्या मिठाची बरणी गेल्या गुरुवारी परत आली. पुन्हा लख्ख. मी आईला दाखवली, आईनं पुन्हा वाखाणली. तुमचा भाऊ जेवत होता. तो म्हणाला, "तू खूश कशाला होतेस?"

मग तो बोलला. नऊ वर्षांत इतकं सलग बोललेला मी त्याला ऐकला नव्हता. म्हणाला, ताईकडे भरून घ्यायची बरणी कुणी धूत नाही. तळाला चमचाभर ठेवून परत करतात. म्हणजे अजून हवं आहे, येणं-जाणं राहू दे. शेजारपाजारच्या सगळ्यांना माहीत आहे. घासून आणलेली बरणी ताई माळ्यावर टाकते, त्या घराचं मन भरलं असं समजते, आणि पुन्हा विचारायला जात नाही.

मी विचारलं, "मग त्या दिवशी मी मोठी बरणी घासून उन्हात पालथी घातली..."

तो म्हणाला, "हो."

"हो काय?"

"ताईला वाटलं, तू तिला जा म्हणालीस."

मी म्हटलं, "आणि हे तू मला नऊ वर्षं सांगितलं नाहीस?" तर म्हणतो, "मला वाटलं तुला माहीत आहे. सगळ्यांना माहीत असतं." वन्सं, तुमच्या भावाला तुम्ही चव शिकवलीत, तसं थोडं बोलायला शिकवलं असतंत तर किती बरं झालं असतं!

आमच्या घरी उलटं. दुसऱ्याचं भांडं घासून-पुसून परत करायचं, नाहीतर आई चारचौघांत लाजेनं मान खाली घालायची. तुमच्या दोन लख्ख बरण्या आल्या आणि मी महिनाभर त्या मिरवत होते. तुम्ही दोनदा दार लावलंत आणि मी दोनदा त्याला वळण म्हटलं.

इथं थांबून मी म्हणू शकते की सगळा गैरसमज होता, मला काय माहीत, मी आपली स्वच्छता करत होते. तुमचा भाऊ तसं धरून चालला आहे. आईही. पण चोराच्या मनात चांदणं असतं, आणि ते नऊ वर्षं आहे.

बरणी घासली त्याच्या आदल्या दिवशी मी सूप केलं होतं. मन लावून, कांदा तासभर परतून. तुमच्या भावानं पहिला घोट घेतला आणि सहज म्हणाला, "यात ताईच्या शिरक्याचे दोन थेंब हवेत." तुम्ही उठलात, दोन थेंब घातलेत, आणि सूप खरंच कुठल्या कुठे गेलं. मी पण ते प्यायले. तुम्हा दोघांहून जास्त प्यायले. आणि मला तुमचा इतका राग आला की मी वाडगा धुताना फोडला. तुम्ही म्हणालात, "असू दे, निसटतं."

दुसऱ्या दिवशी मी बरणीत हात घातला. साय हाताला लागली. गार, जाड, गुळगुळीत. वन्सं, मी रोज घाणीशी झगडणारी बाई आहे. घाण हाताला कशी लागते, तिला वास कसा येतो, हे मला झोपेतही कळतं. ती घाण नव्हती. मला त्या क्षणी कळलं होतं की ही घाण नाही, हे काहीतरी जपलेलं आहे. तरीही मी ओतलं. नळ सोडून, पाणी पूर्ण सोडून.

ती तुमच्या आईची आहे हे माहीत नव्हतं, हे खरं. माहीत असतं तर केलं नसतं, हेही खरं असावं. पण तुम्ही जो अर्थ लावलात, 'जा', तो मी बोलले नसले तरी माझ्या मनात होता. तुम्ही बरणी बरोबर वाचलीत.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण साय जगली तर ती असल्या खोटेपणावर तरंगत तुमच्याकडे जाऊ नये.

ती अजून तळालाच आहे. चौदा दिवस झाले.

फिनेल

५ मार्च, बुधवार

वन्सं,

जिवंत आहे!

सोमवारी सकाळी फडकं उचललं तर पाण्यावर काहीतरी होतं. आधी वाटलं, बुरशी असणार, आमच्याकडे पाण्यावर काही आलं की ते वाईटच. तुमच्या भावाच्या बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं. बुरशी कोरडी असते, लव असते तिला, हिरवी नाहीतर काळी पडते. हे ओलं होतं आणि नितळ. दुधावर पहिली साय धरते ना, फुंकर मारली तर सुरकुतेल अशी, तेवढंच. बरणी जरा तिरकी केली तर ते पाण्याबरोबर न हलता आपल्या जागी राहिलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकसंध.

जुनी साय तळालाच आहे. ती वर आलीच नाही. तिनं खाली राहून वर नवीन धरली. मी उगाच महिनाभर तिला वर ये, वर ये करत होते.

मी मोठ्यानं ओरडले. आई काठी टेकत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "आणि तू म्हणायचीस, आई, फेकून दे सगळं." आता जन्मभर हे ऐकून घ्यावं लागणार. ऐकीन. तिच्या त्या पडद्यांच्या मागे आणखी काय काय असेल म्हणून मी तीन पोती पुन्हा उघडली आहेत.

संध्याकाळी तुमच्या भावाला एका चमच्यात थोडा शिरका दिला. कसला म्हणून सांगितलं नाही. त्यानं जीभ लावली. मग तो तसाच उभा राहिला, चमचा हातात, खिडकीकडे तोंड. मग म्हणाला, "बटाटे उकडतेस का?"

पाच बटाटे खाल्ले त्यानं. मीठ, मिरी आणि वर शिरका. ताट चाटून पुसून ठेवलं. झोपायला जाताना दारात थांबून म्हणाला, "अगदी तसाच आहे." बस. पण त्यासाठी मी आणखी नऊ वर्षं थांबले असते.

अजून कोवळा आहे, धार कमी आहे. आठवडाभर राहू देते. मला आता कळलंय की 'अजून एक ऊन' हे कसं कळतं. कळत नाही. थांबायची तयारी असली की ते आपणहून सांगतं, आणि तुमच्यात ती तयारी फार होती. तुम्ही एवढ्या मोठ्या फळीवर काहीही घाई न करता एकेक गोष्ट पिकू दिलीत. भाऊही तसाच पिकू दिलात. फक्त भावजयीला तीन महिनेच दिलेत, पण त्यात दोष फळाचा होता.

फिनेल

१२ मार्च, बुधवार

वन्सं,

उद्याच्या बसनं बरणी येते आहे. वर नवी साय आहे, तळाला जुनीचा तुकडा. तुमच्या भावाला सांगितलंय, खड्डे बघून चालव, उद्या तुझ्या गाडीत तुझी आई आहे. तो म्हणाला, माझ्या गाडीत रोज चाळीस जण असतात. पण ती तो स्वतःच्या सीटमागे, जॅकेटमध्ये गुंडाळून नेणार आहे, मी बघितलं.

तुमचं तुम्हाला परत, एवढंच आहे हे. मी उपकार केला नाही, मोडलेलं सांधलं आहे, तेही माझ्या आईच्या अडगळीच्या जोरावर. बरण्या वाटायच्या की नाही, हात किती थरथरतात, हे तुमचं तुम्ही ठरवा.

बरणी रिकामी झाली की परत पाठवा. या खेपेला मला वाचता येईल. घासून पाठवलीत तर मी ते वळण म्हणणार नाही. जो अर्थ आहे तो घेईन, आणि तुमच्यावर रागावणार नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

फिनेल

२७ मार्च, गुरुवार, संध्याकाळ

वन्सं,

गेल्याच्या गेल्या गुरुवारी तुमच्या भावानं येऊन सांगितलं, ताईनं बरणी घेतली, उजेडाकडे धरली, पदराखाली घेतली आणि गेली. दर गुरुवारी त्याला देते तो जेवणाचा डबा द्यायची विसरली, तो उपाशी आला. मागच्या गुरुवारी तुम्ही स्टँडवर आलाच नाहीत. त्यानं वीस मिनिटांची तीस केली, प्रवाशांच्या शिव्या खाल्ल्या. मला वाटलं, संपलं. बरं केलंत, असंही वाटलं. मी कोण मागणारी?

आज तो आला आणि नेहमीसारखा पिशवी ओट्यावर ठेवून हातपाय धुवायला गेला. मी गॅलरीत कपडे काढत होते. आत नळ सुटल्याचा आवाज आला आणि आई म्हणाली, "शी, ही बघ, या खेपेला चिकट पाठवली आहे. बुडाला घाणच आहे गं सगळी."

वन्सं, मी कपडे टाकले आणि धावले. "आई, हात लावू नकोस!" असं किंचाळले की शेजारचे बाहेर आले. आईच्या एका हातात घासणी होती, दुसऱ्यात बरणी, आणि बरणी नळापासून चार बोटांवर. मी ती तिच्या हातातून काढून घेतली आणि खाली फरशीवरच बसले. तुमचा भाऊ तोंडाला साबण लावलेला तसाच दारात आला. बघितलं, आणि परत जाऊन तोंड धुतलं.

तळाला दोन बोटं शिरका आहे. त्यात सायीचा एक तुकडा, नखाएवढा, सुरीनं नीट कापलेला. कडा सरळ आहेत. थरथरणाऱ्या हातानं इतकं सरळ कसं कापलंत?

मी रडले. चांगली अर्धा तास रडले. आईला वाटलं बरणी फुटली.

मग तुमच्या भावाला विचारलं, ताई काही म्हणाली का? तो म्हणाला, "बटाटे स्वस्त झालेत म्हणाली." मी त्याच्याकडे बघत राहिले, तेव्हा टॉवेलमधून म्हणाला, "आणि बरण्या वाटायच्या राहिल्यात म्हणाली. झाकणं काढायला दुसरा हात लागतो म्हणाली."

मोठी बरणी माझ्याकडेच आहे. तुम्ही जाताना ती नेली नव्हतीत, आणि मी नऊ वर्षं तिच्यात काहीही भरलेलं नाही. पिठासाठी घेतली होती एकदा, पण हात धजावला नाही. ती मी तेव्हा रिकामी केली होती, भरायला मात्र मला एकटीला यायची नाही.

येत्या गुरुवारी रजा टाकते आहे; हे पत्र त्याआधी पोचावं म्हणून या खेपेला पोस्टानं पाठवते. बसमध्ये तुमच्या भावाच्या मागच्या सीटवर बसेन, मोठी बरणी मांडीवर धरून. वीस मिनिटांत मी परत फिरणार नाही, संध्याकाळच्या गाडीनं जाईन. झाकणं काढीन, साली सोलीन, तुम्ही सांगाल ते करीन, आणि तुम्ही सांगितलं नाहीत तर नुसती बघत बसेन. वाटेत कालव्याकाठी आंबुशी दिसली तर घेऊन येईन.

धुऊन काही आणणार नाही. हात तेवढे धुऊन येईन, ती खोड आता जायची नाही.

तुमची
फिनेल